सीबीआर ६००ची टायमिंग चेन पुन्हापुन्हा का वाजते : समस्या निवारण

होंडाच्या सीबीआर ६०० या मोटरसायकल मालिकेतील जुनी गाडी चालवणाऱ्याला आज ना उद्या एक आवाज ऐकू येतो. इंजिन चांगले तापलेले असते, टॅकोमीटरचा काटा तीन ते पाच हजारांच्या दरम्यान असतो आणि उजव्या बाजूने, सिलिंडरच्या मागून, पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तशी खडखड सुरू होते. रेस वाढवली की ती मावळते आणि काटा खाली उतरला की पुन्हा उमटते. गॅरेजमध्ये यावर एकच उत्तर मिळते : टायमिंग चेनचा टेन्शनर गेला, नवा टाका. नवा टाकला जातो, काही महिने शांततेत जातात आणि एके दिवशी तोच आवाज परत येतो.

हा लेख त्या परत येणाऱ्या आवाजाविषयी आहे. टेन्शनर, म्हणजे इंजिनातली टायमिंग चेन ताठ ठेवणारा भाग, ही या मालिकेची ठाऊक असलेली दुखरी जागा आहे, यात शंका नाही. तरीही आवाज परत येतो तेव्हा बहुधा तीनांपैकी एक गोष्ट घडलेली असते : मुळात आवाज टेन्शनरचा नव्हता, किंवा टेन्शनर बदलताना झिजलेली चेन तशीच ठेवली गेली, किंवा दुसऱ्याच पिढीच्या गाडीचा भाग ‘बसतो आहे ना’ म्हणून बसवला गेला. तिसरी चूक वाटते त्यापेक्षा अधिक वेळा होते, कारण सीबीआर ६०० या एका नावाखाली होंडाने तीन दशकांहून अधिक काळ बऱ्याच वेगवेगळ्या गाड्या विकल्या आहेत. म्हणून पाना हाती घेण्यापूर्वी आपल्यासमोर नेमकी कोणती गाडी उभी आहे, हे ठरवणे भाग आहे.

आधी पिढी ओळखा

पहिली सीबीआर ६००एफ १९८७ साली आली आणि अमेरिकेत ती हरिकेन या नावाने विकली गेली. इंजिन संपूर्ण झाकणारे प्लॅस्टिकचे फेअरिंग हे तिचे मोठे वेगळेपण होते आणि त्या गोलसर आकारामुळे ब्रिटनमध्ये तिला गमतीने जेलीचा साचा म्हटले जाई. त्या फेअरिंगची आठवण इथे काढण्याचे कारण असे की, तेव्हापासून आजवर या मालिकेतील इंजिनाचा आवाज आपल्यापर्यंत प्लॅस्टिकच्या भिंतींवर आपटून, दिशा बदलून पोहोचतो आणि निदानाचा निम्मा घोळ तिथेच होतो. या पहिल्या इंजिनाचे बोअर (सिलिंडरचा व्यास) ६३ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ४८ मिलिमीटर होता; क्षमता ५९८ सीसी आणि शक्ती मिनिटाला ११,००० फेऱ्यांना सुमारे ८५ अश्वशक्ती.

१९९१च्या एफ२ मध्ये इंजिन नव्याने आखले गेले. बोअर ६५ झाले, स्ट्रोक ४५.२ वर आला आणि शक्ती १२,००० फेऱ्यांना १०० अश्वशक्तीच्या घरात गेली. १९९५च्या एफ३ मध्ये बोअर-स्ट्रोक तेच राहिले, मात्र समोरून येणाऱ्या वाऱ्याचा दाब एअरबॉक्सपर्यंत पोहोचवण्याची सोय झाली. १९९९ साली एफ४ आली ती पोलादी चौकट सोडून ॲल्युमिनियमची चौकट घेऊन, आणि इंजिनही पुन्हा बदलले : बोअर ६७, स्ट्रोक ४२.५. कार्ब्युरेटर मात्र शाबूत होते. ते गेले २००१च्या एफ४आय मध्ये, जिच्या नावातील ‘आय’ फ्युएल इंजेक्शनचा आहे. युरोपात तीच गाडी नुसती सीबीआर ६००एफ म्हणून विकली जात होती, त्यामुळे ब्रिटनमधल्या मालकाने अमेरिकेतल्या मालकाचा सल्ला वाचताना हे नाव लक्षात ठेवावे लागते.

२००३ साली ६००आरआर आली. मोटोजीपीतील आरसी२११व्ही या शर्यतीच्या गाडीशी नाते सांगणारी, सीटखालून बाहेर पडणाऱ्या एक्झॉस्टची ही गाडी १३,००० फेऱ्यांना ११७ अश्वशक्ती देत होती. बोअर-स्ट्रोक एफ४चेच असले, तरी इंजिन वेगळे होते. २००७ साली आरआर पुन्हा नव्याने, अधिक आटोपशीर आणि हलकी करून आखली गेली. २००९ मध्ये तिला एबीएसचा पर्याय मिळाला, २०१३ मध्ये रूप आणि पुढचे फोर्क बदलले, युरो ४ या प्रदूषण नियमांच्या सुमारास ती युरोपच्या बाजारातून गेली, २०२० साली जपानमध्ये परतली आणि २०२४ मध्ये युरोपातही. दरम्यान २०११ साली होंडाने सीबीआर ६००एफ हे जुने नाव आपल्याच हॉर्नेट या गाडीवर आधारलेल्या एका निराळ्याच गाडीला दिले. नुसते ‘६००एफ’ असे सांगून सुटे भाग मागवणाऱ्याची फसगत इथे ठरलेलीच असते.

यातून मार्ग काढण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे चौकटीचा क्रमांक. त्यातील पीसीने सुरू होणारा संकेत पिढी सांगतो : पीसी१९ आणि पीसी२३ म्हणजे पहिल्या गाड्या, पीसी२५ म्हणजे एफ२, पीसी३१ म्हणजे एफ३, पीसी३५ म्हणजे एफ४ आणि एफ४आय, पीसी३७ म्हणजे २००३ ते २००६ची आरआर आणि पीसी४० म्हणजे २००७ची नवी आरआर. होंडाच्या सुट्या भागांच्या क्रमांकातही पिढी लपलेली असते. क्रमांकाचा पहिला पाच अंकी गट भाग कोणता ते सांगतो, जसे १४५२० म्हणजे टेन्शनर आणि १४४०१ म्हणजे टायमिंग चेन. मधला गट त्या भागाची आखणी मुळात कोणत्या गाडीसाठी झाली ते सांगतो. एफ२चा संकेत एमव्ही९, एफ३चा एमएएल, एफ४ आणि एफ४आयचा एमबीडब्ल्यू, २००३च्या आरआरचा एमईई आणि २००७च्या आरआरचा एमएफजे. अर्थात एखादा भाग दोन पिढ्यांना समान असू शकतो किंवा सुधारित भाग नव्या संकेताने येऊ शकतो, त्यामुळे अंतिम शब्द आपल्या गाडीच्या भागसूचीचाच. मात्र पिशवीवर अनोळखी मधला गट दिसला, तर भाग बसवण्याआधी थांबून सूची उघडावी, एवढे यावरून निश्चित समजते.

टेन्शनर नेमके काय करतो

क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांमागे कॅमशाफ्टची एक फेरी, हे गणित टायमिंग चेन सांभाळते. इंजिन गाडीच्या चाकांच्याच दिशेने फिरते, म्हणजे उजवीकडून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. त्यामुळे क्रँक चेनची पुढची बाजू खाली ओढतो आणि ती ताठ राहते, तर मागची बाजू सैल पडते. ही सैल बाजू एका वक्र पट्टीने दाबून धरायची असते आणि ती पट्टी मागून रेटण्याचे काम टेन्शनर करतो. त्याच्या पोटात आटे असलेला दांडा आणि त्याला पीळ देणारी गुंडाळीची स्प्रिंग असते. चेन झिजून लांबली की स्प्रिंग दांडा फिरवते आणि दांडा पुढच्या दट्ट्याला बाहेर ढकलतो. आट्यांची चढण इतकी कमी ठेवलेली असते की चेनने दट्ट्याला मागे रेटले तरी दांडा उलटा फिरू नये.

काम सोपे वाटते, पण चेनवरचा भार एकसारखा नसतो. व्हॉल्व्ह उघडताना त्याची स्प्रिंग कॅमला मागे लोटते आणि व्हॉल्व्ह मिटताना तीच स्प्रिंग कॅमला पुढे ढकलते, म्हणजे चेनला प्रत्येक उघडझापीत एकदा ओढ आणि एकदा ढील मिळते. क्रँक १३,००० फेऱ्यांनी फिरत असताना प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला सुमारे १०८ वेळा उघडतो आणि असे सोळा व्हॉल्व्ह आहेत. मालिकेचा इतिहास या दृष्टीने पाहिला तर चित्र स्पष्ट होते. एकंदरीत बोअर वाढत गेले, स्ट्रोक आखूड होत गेला, फेऱ्या वाढल्या. ११,००० वरचे शक्तीचे शिखर १२,००० वर, मग १२,५०० वर आणि २०२०च्या आरआरमध्ये १४,००० वर गेले. चौकट, फोर्क, ब्रेक, इंधनपुरवठा सारे बदलत गेले. सिलिंडरच्या मागच्या या अंगठ्याएवढ्या भागाने मात्र तेच पीळदार स्प्रिंगचे तत्त्व वाढत्या कामावर राबवले. स्प्रिंग मलूल झाली, आटे किंवा दट्ट्याचे टोक झिजले की दांडा थरथरत थोडा मागे सरकतो, चेनची मागची बाजू फडफडते आणि आपल्याला खडखड ऐकू येते. ती विशिष्ट फेऱ्यांनाच येते, कारण चेनच्या स्वतःच्या कंपनाशी भाराच्या धक्क्यांचा मेळ तिथेच जुळतो. रेस वाढवली की मेळ तुटतो. आवाज थांबला म्हणून दोष मिटला, असे समजणे त्यामुळे धोक्याचे आहे.

धोका किती? या इंजिनांत वेळ चुकलेला व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळू शकतात. चेनने दात ओलांडला तर वाकलेले व्हॉल्व्ह आणि हेड खोलण्याचा खर्च समोर येतो, जो जुन्या गाडीच्या किमतीच्या मानाने परवडत नाही. किरकोळ खडखडीवर गाडी महिनोन्‌महिने चालवणारे लोक आहेत. मी तसे करणार नाही.

आवाज खरोखर चेनचाच आहे का

इथे घाई करू नये. या मालिकेत, निदान एफ२पासून पुढे, टायमिंग चेनही इंजिनाच्या उजव्या टोकाला आणि क्लचही उजवीकडेच, त्यामुळे कान सहज फसतो. मी स्वतः एका चार सिलिंडरच्या गाडीचा टेन्शनर एकदा निष्कारण बदलला आहे. आवाज क्लचचा होता आणि तो क्लचची दांडी ओढली असती तर तत्काळ कळला असता. तेव्हापासून पहिली तपासणी तीच करतो. इंजिन तापवून, स्लोवर सोडून, क्लच ओढावा. खडखड थांबली किंवा तिचा सूर स्पष्ट बदलला तर संशय क्लचच्या बास्केटकडे, म्हणजे क्लचच्या चकत्या धरणाऱ्या डब्याकडे, वळवावा. स्लोवर चारही सिलिंडर समान ओढत नसतील तर क्रँक अडखळत फिरतो आणि बास्केट व तिच्या धक्काशोषक स्प्रिंग खुळखुळतात. एफ२ ते एफ४ या गाड्यांत कार्ब्युरेटरचा समतोल आणि एफ४आय मध्ये स्टार्टर व्हॉल्व्हचा समतोल व्हॅक्यूम गेजने साधला की हा आवाज पुष्कळदा निम्म्यावर येतो. स्लोच्या फेऱ्याही पाहाव्यात. एफ४आयसाठी त्या १,३०० च्या आसपास हव्यात आणि कोणी त्या १,००० वर आणून ठेवल्या असतील तर कोणतीही निरोगी सीबीआर खडखडेल.

टॅपेटचा, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्ह यांमधल्या अंतराचा, आवाज निराळा असतो. तो खडखड न करता शिवणयंत्रासारखी नियमित टकटक करतो आणि फेऱ्यांबरोबर वाढत जातो. ठरावीक टप्प्यात येऊन पुढे नाहीसा होत नाही. एफ४आयसाठी गार इंजिनावर इनटेकचे अंतर ०.२० आणि एक्झॉस्टचे ०.२८ मिलिमीटर असावे लागते आणि ते तपासण्याची मुदत १६,००० मैल, म्हणजे साधारण २५,६०० किलोमीटर आहे. इथे एक गैरसमज दूर करायला हवा : या इंजिनांत अंतर वाढण्यापेक्षा घटण्याची भीती अधिक असते आणि घटलेले अंतर आवाज करत नाही. त्यामुळे ‘टॅपेट वाजत नाहीत, म्हणजे ठीक आहेत’ हा निष्कर्ष उलटा ठरू शकतो.

एक्झॉस्टच्या पाइपाची हेडजवळची गळती गार इंजिनावर जास्त फटफटते आणि धातू तापून फुगला की कमी होते. चेनचा आवाज नेमका उलट वागतो. फेअरिंगचा आवाज हाताने ओळखता येतो : काटा त्या टप्प्यात धरून कोणाला तरी प्लॅस्टिकचे तुकडे एकेक करून तळहाताने दाबायला सांगावे. जुन्या गाड्यांत फेअरिंगचे रबरी बूच आणि एखादा स्क्रू हमखास गायब असतो. शक्य असेल तर उजवे फेअरिंग उतरवूनच ऐकावे. आणि इंजिनाच्या तळातून, भार पडताच येणारा जड, ठोकल्यासारखा आवाज असेल, तर गाडी जागेवर बंद करावी. तो बेअरिंगचा असू शकतो आणि या लेखाचा विषय तिथे संपतो.

एवढे सारे वगळल्यावर मेकॅनिकचा स्टेथोस्कोप किंवा लांब स्क्रू ड्रायव्हर घ्यावा, त्याचे टोक सिलिंडरच्या मागे टेन्शनरच्या अंगावर टेकवावे, मूठ कानामागच्या हाडाशी धरावी आणि इंजिन हळूहळू दोन हजारांपासून सहा हजारांपर्यंत न्यावे. गरम एक्झॉस्ट आणि फिरणारा पंखा यांपासून हात व बाही दूर असू द्यावी. आवाज तिथे सर्वांत मोठा आणि क्लचच्या झाकणावर तुलनेने मंद असेल, तर निदान पक्के धरायला हरकत नाही. काही जण इंजिन चालू ठेवून टेन्शनरचे मधले बूच काढतात आणि आतला दांडा स्क्रू ड्रायव्हरने किंचित पुढे रेटून आवाज थांबतो का ते पाहतात. या चाचणीतून उत्तर मिळते हे खरे, पण हात चुकून दांडा मागे फिरला तर चालत्या इंजिनात चेन सैल होते. माझ्या मते ज्या चाचणीत हाताची एक चूक हेड खोलायला लावते ती करू नये.

टेन्शनर उतरवताना काय मोजावे

आवाज परत येण्याचे दुसरे कारण, म्हणजे झिजलेली चेन, इथे पकडता येते. आणि बहुतेक गॅरेजमध्ये हीच पायरी गाळली जाते.

इंजिन पूर्ण गार होऊ द्यावे, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडावी, पेट्रोलची टाकी आणि लागेल तेवढा एअरबॉक्सचा भाग बाजूला करावा. एफ४आय मध्ये टाकी पुढून उचलून टेकू देता येतो आणि हात बऱ्यापैकी पोहोचतो. आरआरमध्ये जागा अरुंद आहे आणि तिथे संयम लागतो. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी, कारण गिअरमध्ये असलेली गाडी कोणी पुढेमागे ढकलली तर क्रँकही फिरतो. उजव्या बाजूचे टायमिंगचे झाकण उघडून क्रँक पान्याने घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवत ‘टी’ची खूण समोर आणावी. ही खूण क्रँकच्या प्रत्येक फेरीत येते, त्यामुळे कॅमवरच्या खुणा पाहायच्या असतील तर हेडचे झाकण काढावे लागते. ज्याला टॅपेट तपासायचेच आहेत त्याने दोन्ही कामे एकत्र उरकावीत. क्रँक उलट दिशेने चुकूनही फिरवू नये. उलट फिरवला की चेनची मागची बाजू ताठ होते आणि तिचा सगळा जोर आधीच दमलेल्या टेन्शनरवर येतो.

आता टेन्शनरच्या पाठीवरचे मधले छोटे बूच काढावे. आत स्क्रू ड्रायव्हरची खाच असलेला दांडा दिसतो. बारीक चपट्या स्क्रू ड्रायव्हरने तो घड्याळाच्या दिशेने फिरवत दट्ट्या पूर्ण आत जाईपर्यंत किती वळसे लागले ते मोजावे आणि लिहून ठेवावे. मग तो तसाच आत अडवून धरून दोन बोल्ट काढून टेन्शनर बाहेर घ्यावा. अडवून धरण्यासाठी होंडाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पत्र्याच्या पातळ तुकड्याचा एक छोटा अडसर कापून घेण्याचा नमुना दिलेला असतो आणि तो घरच्या घरी कानशीने होतो. टेन्शनर हातात आल्यावर दट्ट्या मोकळा सोडून पूर्ण बाहेर येऊ द्यावा आणि पुन्हा पूर्ण आत नेताना एकूण वळसे मोजावेत. दोन आकड्यांची तुलना चेनची प्रकृती सांगते. समजा, पूर्ण प्रवास दहा वळशांचा आहे आणि गाडीवर तो चार वळशांवर उभा होता, तर चेनमध्ये आयुष्य आहे आणि टेन्शनरच दमला आहे. तोच जर नऊ वळशांवर उभा असेल, तर दट्ट्या जवळजवळ संपेपर्यंत बाहेर आलेला होता. चेन लांबलेली आहे किंवा पट्ट्या झिजल्या आहेत आणि अशा गाडीत नवा टेन्शनर टाकणे म्हणजे काही महिन्यांची उसनवारी. अशा वेळी चेन, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या आणि टेन्शनर हे सारे एकाच खेपेत बदलावे.

हातातला जुना टेन्शनरही पाहून घ्यावा. दट्ट्या आत नेऊन सोडला की तो अडखळल्याशिवाय एका दमात बाहेर यायला हवा. नंतर टोकावर अंगठ्याने जोरात दाबावे. तो तसूभरही मागे जाता कामा नये. दाबल्यावर मागे सरकत असेल तर आटे गेले. दट्ट्याच्या टोकावर पट्टीने पाडलेला खळगा दिसला तर तेही झिजेचे लक्षण आहे. जुना भाग खोलून स्प्रिंगला जास्तीचा पीळ देऊन पुन्हा बसवण्याचा उद्योग काही लोक करतात. पीळ वाढला तरी झिजलेले आटे भरून येत नाहीत. दुसऱ्या गाडीतून काढलेला वापरलेला टेन्शनरही याच कारणाने घेऊ नये. तो कोणत्या अवस्थेत काढला गेला हे विकणाऱ्यालाही माहीत नसते.

नवा भाग बसवताना पॅकिंग नवेच घ्यावे आणि बुचाखालचे वॉशरही. दट्ट्या आत अडवलेल्या स्थितीत टेन्शनर जागेवर ठेवून दोन्ही बोल्ट सुमारे १० न्यूटन-मीटर इतकेच आवळावेत. ६ मिलिमीटरचे बोल्ट ॲल्युमिनियममध्ये आहेत, आटे उखडायला फारसा जोर लागत नाही. मग अडसर काढावा. दट्ट्या सुटून पट्टीवर टेकल्याचा बारीक ‘टक्’ असा आवाज यायला हवा. तो आला नाही तर भाग अडकलेला आहे आणि इंजिन सुरू करायचे नाही. अडसर काढायला विसरणे ही हास्यास्पद वाटणारी चूक खरोखर होते. त्यानंतर क्रँक पान्याने योग्य दिशेने दोन पूर्ण फेरे हाताने फिरवावा. कॉम्प्रेशनचा नेहमीचा मऊ विरोध जाणवेल. कुठेही कडक, धातूवर धातू अडल्यासारखा अटकाव आला तर जोर न लावता थांबून कॅमच्या खुणा पाहाव्यात.

हाताने आवळायचा टेन्शनर घ्यावा का

आवाज दोनदा परत आलेल्या मालकाला कोणी तरी स्क्रूने आवळण्याचा, स्प्रिंग नसलेला मॅन्युअल टेन्शनर सुचवतोच. हा पर्याय शर्यतीतून आला आहे. होंडाने २००२ ते २००८ अशी सलग सात वर्षे सुपरस्पोर्ट जागतिक अजिंक्यपदाची मालकी सांभाळली, २०१० ते २०१८ या काळात मोटो२ वर्गातील सर्व गाड्यांना सीबीआर ६००आरआरवर बेतलेले इंजिन होते, आणि शर्यतीच्या जगात इंजिन ठरावीक तासांनी उघडलेच जाते. तिथे चेनचा ताण दर वेळी हाताने जुळवणे अवघड नाही. रस्त्यावरच्या गाडीचे तसे नसते. स्क्रू जास्त आवळला तर चेन गुणगुणू लागते आणि पट्ट्या भराभर झिजतात. कमी आवळला तर ज्या फडफडीपासून सुटका हवी होती तीच हाती येते. शिवाय चेन लांबत जाते तसे आठवणीने पुन्हा जुळवावे लागते आणि आठवण हा भाग कोणत्याही गाडीसोबत मिळत नाही. ज्याला स्वतःच्या हाताने काम करायची सवय आहे आणि जो दर ऑइल बदलताना टेन्शनर पाहणार आहे, त्याच्यासाठी तो टिकाऊ पर्याय आहे. गाडी गॅरेजवर सोपवून देणाऱ्याने मूळ कंपनीचा स्वयंचलित टेन्शनरच घ्यावा आणि तो ब्रेक पॅडसारखा अधूनमधून बदलायचा भाग आहे, असे मानून चालावे.

इंजिन ऑइलविषयी थोडेसे. दाट ऑइल घातल्याने आवाज दबतो, असा सल्ला ऐकू येतो. चेनची फडफड ऑइलने थांबत नाही, फार तर गार इंजिनावर थोडी बुजते. मॅन्युअलने सांगितलेल्या दाटपणाचे, ओल्या क्लचसाठी असलेले जासो एमए प्रतीचे ऑइल आणि खिडकीतली योग्य पातळी एवढे पुरेसे आहे.

भारतातल्या ६५० साठी

महाराष्ट्रातल्या वाचकांपैकी फार थोड्यांकडे खरी ६०० असेल. एफ४आय किंवा जुनी आरआर भेटते ती मुख्यतः अमेरिका, ब्रिटन किंवा आखातात वापरलेली गाडी घेणाऱ्या आपल्या माणसांना. इथे २०१५ पासून सीबीआर ६५०एफ आणि २०१९ पासून ६५०आर विकली गेली. तिचे ६४९ सीसीचे इंजिन स्वतंत्रपणे आखलेले आहे. बोअर एफ४ आणि आरआरप्रमाणेच ६७ मिलिमीटर, पण स्ट्रोक ४६ चा, आणि ६५०एफची कमाल शक्ती ११,००० फेऱ्यांना, म्हणजे १९८७च्या हरिकेनच्याच टप्प्यावर. चढत गेलेल्या फेऱ्यांची ती तीस वर्षांची शर्यत होंडाने या गाडीत मुद्दाम सोडून दिली, हे मला शहाणपणाचे वाटते. निदानाचा वर दिलेला क्रम हिलाही लागू पडतो : आधी क्लच ओढून पाहणे, मग फेअरिंग, मग टॅपेट आणि शेवटी चेन. पण एफ४आयच्या मालकांचा अनुभव वाचून हिच्यासाठी टेन्शनर मागवू नये. वॉरंटी चालू असेल तर आवाज येणारे नेमके आरपीएम, इंजिन गार की गरम आणि क्लच ओढल्यावर होणारा बदल या तीन गोष्टी लिहून, उजव्या बाजूने मोबाइलवर केलेले ध्वनिमुद्रण जोडून सर्व्हिस सेंटरला द्याव्यात. ‘इंजिन वाजतंय’ एवढ्या तक्रारीवर ‘सगळ्या अशाच वाजतात’ एवढेच उत्तर मिळते.

वापरलेली सीबीआर विकत घेणाऱ्याने इंजिन गार असताना जावे, ते स्वतः सुरू करावे आणि पंखा चालू होईपर्यंत, म्हणजे दहा-पंधरा मिनिटे, तिथेच थांबावे. गार इंजिनावर सुरुवातीचे दोन-तीन सेकंद चेन वाजून गप्प झाली तर दर थोडा कमी करून मागावा. तापल्यावर चार हजारांच्या आसपास खडखड सुरू झाली, तर त्या दरातून चेन, पट्ट्या, टेन्शनर आणि मजुरी वजा केल्याशिवाय पुढे बोलू नये.